मुंबईत खायचं राहून गेलेलं: माझी यादी, तुमची भर

दोन_घास

मंडळी, मुंबईत कुठे कुठे जेवायचंय त्याची यादी मी बरीच वर्षं बाळगून आहे. कुणी काही सांगितलं, कुठे वाचलं, की नाव टिपून ठेवायचं. यादी लांबत गेली आणि मध्यंतरी सगळी नीट वाचली तेव्हा दिसलं की तिच्यातल्या काही जागा आता उरल्याच नाहीत. जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार १९६४ पासून होतं, ते मार्च २०१५ मध्ये बंद झालं. खोताच्या वाडीतलं अनंताश्रम त्याच्याही आधी. धोबी तलावचं बास्तानी तर मी ऐकलं तेच ‘होतं’ म्हणून.

म्हणून आता यादी नव्याने लावते आहे. भागवार नाही, आणि कुणी किती तारे दिलेत त्यावरूनही नाही. प्रत्येक नावापुढे तीनच गोष्टी लिहायच्या: कोणता पदार्थ, कोणत्या वेळी, आणि उशीर केला तर चालेल का. शेवटचा रकाना मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्या जागा एखाद्या कुटुंबाच्या किंवा एखाद्या आचाऱ्याच्या जिवावर चालतात त्या वर. ज्यांच्या पाच-सहा शाखा आहेत त्या खाली, त्या कुठे पळून जात नाहीत.

माझी नोकरी फोर्टात, राहते ठाण्याला. शनिवार मोकळा असतो आणि मधल्या वारी कधीतरी एखादी दुपार मिळते. त्या हिशेबाने सध्या वर असलेली नावं अशी.

ब्रिटानिया, बॅलार्ड इस्टेट. १९२३ सालचं. बेरी पुलाव, आणि तोही दुपारीच, कारण ही जागा दुपारच्या जेवणाचीच. ऑफिसपासून चालत जाण्याइतकं जवळ असूनही राहिलं आहे, कारण आमची जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. बोमन कोहिनूर स्वतः टेबलाटेबलाशी येऊन ऑर्डर घ्यायचे. सप्टेंबर २०१९ मध्ये, ९७ व्या वर्षी ते गेले. ती भेट हुकलीच. पुलाव अजून आहे.

भेंडी बाजारातली बारा हंडी. रात्रभर मंद आचेवर शिजणारे पाये आणि नळ्या. तिथे एकटीने कसं जायचं, काय मागायचं, हे कुणीतरी सांगा.

रामा नायक, माटुंगा. केळीच्या पानावरचं जेवण. शनिवारची रांग कशी असते?

स्वाती स्नॅक्स, ताडदेव. पानकी. याला घाई नाही, पण इच्छा फार आहे.

गिरणगावातली एखादी खरीखुरी खानावळ. नाव माझ्याकडे नाही.

आणि एक मोठी खूण ‘मास्क’ या महागड्या रेस्टॉरंटपुढे. खर्च बघून ते दरवेळी पुढच्या वर्षावर ढकलते.

तुमच्या यादीत काय आहे? जिथे जाऊन आलात तिथलं सांगाच, पण जिथे जायचं राहिलंय तेही लिहा.

माटुंगा_पूर्व

रामा नायकबद्दल सांगतो, आमच्या घराजवळचं आहे. पूर्ण नाव ए. रामा नायक्स उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग, १९४२ पासून. मध्य रेल्वेच्या माटुंगा स्टेशनला पूर्वेला उतरलात की बाजाराच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर. सोमवारी बंद असतं, हे आधी लिहून ठेवा.

शनिवारी साडेबारानंतर रांग जिन्यावर येते. उघडल्या उघडल्या पोहोचा. पान मांडतात, तुम्ही पाणी शिंपडून पुसून घ्यायचं. मग वाढपी एकामागून एक येतात: भाजी, कोशिंबीर, पापड, भात. भाताला मध्ये खळं करून ठेवा, सांबार त्यातच पडतं. पहिला भात सांबाराचा, दुसरा रसमचा, तिसरा ताकाचा किंवा दह्याचा. पहिल्या भाताला हात आवरता घेतलात तरच तिसऱ्यापर्यंत पोहोचाल. रसम नुसतं प्यायला मागितलं तर वाटीत देतात.

तिथून खाली उतरलात की किंग्ज सर्कलकडे चालत दहा-बारा मिनिटं. कॅफे मद्रासही (१९४०) सोमवारी बंद. म्हणजे सोमवारी माटुंग्याला येण्यात अर्थ नाही. मद्रासला सकाळी सातच्या सुमारास या: रसम वडा, नाचणीचा डोसा, वर फिल्टर कॉफी. दोन्ही एकाच दिवशी करायचं असेल तर सकाळी मद्रास, मधला वेळ फुलबाजारात, दुपारी रामा नायक.

कटिंग

यादी छान. कयानी दिसलं नाही. बाकी सावकाश लिहितो.

हार्बरलाइन

दोन_घास ताई, बारा हंडीचं मी सांगतो, लहानपणापासून त्या भागात येणं-जाणं आहे.

सँडहर्स्ट रोडला उतरा. संध्याकाळी दिवे लागल्यावर जा, बोहरी मोहल्ल्यात त्या वेळी बायका, मुलं, कुटुंबंच्या कुटुंबं खायला बाहेर पडलेली असतात. अवघडल्यासारखं होणार नाही. नुसतं बघायचं असलं तरी दुकानासमोर दोन मिनिटं उभं राहा: ओट्यात तोंडापर्यंत पुरलेल्या हंड्या ओळीने असतात. एकीत पाये, एकीत नळी, एकीत शेपटीचं मांस, ज्याला पिछोटा म्हणतात. वाढणारा लांब दांड्याच्या पळीने या हंडीतलं थोडं, त्या हंडीतलं थोडं असं एका ताटलीत घेतो आणि वरून तर्री सोडतो. ‘मिक्स’ म्हणून सांगितलंत तरी पुरे. सोबत खमिरी रोटी. लिंबू मागून घ्या, त्याशिवाय चिकटपणा जिभेवर राहतो. मोठ्याचं (म्हशी-रेड्याचं) मांस चालत नसेल तर आधीच विचारा, लोक सरळ सांगतात.

पुढे ताज आईस्क्रीम. दुकान १८८७ सालचं सांगतात. अजून सांच्यातलं आईस्क्रीम: बाहेर लाकडी पिंप, आत धातूचं भांडं, मध्ये बर्फ आणि मीठ, आणि हाताने फिरवणं. फळांच्या मोसमाप्रमाणे चवी बदलतात. सीताफळाच्या दिवसांत गेलात तर दुसरं काही घेऊ नका.

तुमच्या तिसऱ्या रकान्यासाठी एक गोष्ट. भेंडी बाजाराचा साडेसोळा एकरांचा पुनर्विकास चालू आहे. जुन्या चाळी पाडून टॉवर उभे राहताहेत. दुकानांना नव्या जागा मिळतात, हे चांगलंच आहे, लोक पडायला आलेल्या इमारतींत राहत होते. पण गल्लीत मांडलेली बाकडी आणि फुटपाथवरचा निखारा नव्या इमारतीत तसाच येईल असं नाही. त्यामुळे हे नाव वरच ठेवा.

मोहम्मद अली रोडला नूर मोहम्मदी (१९२३) आहे, नल्ली निहारीसाठी. भिंतीवर एम. एफ. हुसेन यांचं चित्र आहे. आणि रमजानमध्ये मिनारा मशिदीजवळ सुलेमान उस्मान मिठाईवाल्याकडची मातीच्या वाटीतली फिरनी. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो, कॅलेंडर बघून ठरवा. मालपुव्यात अंडं असतं, तेही ध्यानात असू द्या.

आमटीभात

धागा वाचून भूक लागली. पण मला एक वेगळं म्हणायचंय, राग मानू नका.

‘बंद व्हायच्या आत जाऊन येऊ’ ही कल्पना मला बोचते. आमच्या गिरगावात असे लोक येतात. एकदा येतात, फोटो काढतात, मावा केक किंवा पियुष घेतात, आणि पुन्हा फिरकत नाहीत. जुनी दुकानं असल्या गर्दीवर जगत नाहीत. ती जगतात रोज सकाळी साडेआठला मिसळ खाणाऱ्यावर, महिन्याचं चक्का-श्रीखंड नेणाऱ्यावर. अनंताश्रम बंद झालं तेव्हा हळहळणाऱ्यांत कितीतरी जण असे होते ज्यांनी तिथे कधी पाय ठेवला नव्हता.

मी तिथे जेवलो आहे, वडिलांबरोबर. सारस्वती पद्धतीचं गोमंतकी जेवण. बाहेर थांबायचं, आत जागा झाली की बसायचं, त्या दिवशी जी मासळी असेल ती खायची. बांगड्याची आमटी, तिसऱ्या, शेवटी सोलकढी. बोलायचं कमी, खायचं भरभर, कारण बाहेर माणसं उभी. त्या चवीपेक्षाही मला ती शिस्त आठवते.

तर माझी सूचना अशी की यादीत पन्नास नावं ठेवण्यापेक्षा दहा ठेवा आणि त्या दहांकडे पुन्हा पुन्हा जा.

दोन_घास

आमटीभात, राग कसला. तुमचं बरोबर आहे आणि मी त्यातलं अर्धं लगेच घेते. चौथा रकाना वाढवला: ‘पुन्हा कधी’.

पण पहिल्यांदा गेल्याशिवाय पुन्हा जाणं होत नाही. मी कोकणातून शिकायला मुंबईत आले, इथे माझं कुणाचं दुकान ठरलेलं नव्हतं. तुम्हाला वडिलांनी बोटाला धरून नेलं. मला कुणीतरी नाव सांगावं लागतं, वेळ सांगावी लागते, आत गेल्यावर काय मागायचं ते सांगावं लागतं. हार्बरलाइननी लिहिलं तसं. तेवढं कळलं की मग माझं मीच जाईन.

गिरगावातलं रोजचं काय, ते सांगा ना तुम्ही.

आमटीभात

हे पटलं. मग ऐका.

सकाळी चर्नी रोडला उतरून ठाकूरद्वारच्या दिशेने या, फणसवाडीत विनय हेल्थ होम. मिसळ. तिखटाने घाम फोडणारी नव्हे, तिचा रस्सा पातळ आणि चवीला सरळ असतो, त्यामुळे उसळीची चव लागते. सकाळीच खा, दुपारपर्यंत फरसाण आणि पाव दोन्हींतला ताजेपणा कमी होतो. मग पणशीकरांकडे पियुष. १९२१ पासूनचं दुकान. पियुष पहिल्यांदा पिणाऱ्यांसाठी: ते लस्सीसारखं गटागटा प्यायचं नाही. श्रीखंडाचा दाटपणा असतो, जायफळ-वेलची असते, हळूहळू घ्या.

पुढे काळबादेवीला जायचं असेल तर श्री ठक्कर भोजनालय, १९४५. गुजराती थाळी, गल्लीत आत, वरच्या मजल्यावर. पण मिसळीच्या दिवशी नको. त्याला अख्खी दुपार आणि रिकामं पोट द्या. आमरसाच्या दिवसांत, म्हणजे एप्रिलअखेर ते मेमध्ये, आणि थंडीत उंधियू असतो तेव्हा. वर्षातून हेच दोन मोसम माझ्या लेखी त्याचे.

बोंबील_कढी

मासे खाणाऱ्यांसाठी महत्त्वाचं: तारखा बघा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या काळात बऱ्याच ठिकाणी पापलेट-सुरमई बर्फातली. हॉटेलचा त्यात दोष नसतो, पण पहिल्यांदाच जाऊन मत बनवायला हे दिवस वाईट. नंतर श्रावणात निम्मी मुंबई मासे सोडते, तेव्हा ताजी मासळी येऊ लागलेली असते आणि टेबलं मोकळी असतात. श्रावण न पाळणाऱ्यांसाठी तीच उत्तम वेळ.

माझी पसंती हायवे गोमांतक, बांद्रा पूर्व, गांधीनगर. गुरुवारी बंद. तिसऱ्या सुकं आणि बोंबील. बोंबील तळलेला कसा ओळखायचा सांगते: वरचा रवा कुरकुरीत आणि आत मासा जवळजवळ लोण्यासारखा हवा. आत चामट लागला तर तो जास्त दाबून पाणी काढलेला किंवा शिळा. पार्ल्याचं गजाली पण यादीत असू द्या.

सायन कोळीवाड्याला, म्हणजे आताच्या जीटीबी नगरला, कुणी जाऊन ‘कोळंबी कोळीवाडा’ खाल्लीय का? फाळणीनंतर तिथे आलेल्या पंजाबी निर्वासितांच्या हातून तो पदार्थ घडला असं मानतात. कोळ्यांच्या घरच्या कालवणाशी त्या बेसनाच्या आवरणाचा, ओव्याचा काही संबंध नाही. तरी नाव कोळीवाड्याचं. माझं ते राहिलंय.

हार्बरलाइन

जीटीबी नगरला हजारा. संध्याकाळी जा. शंभर टक्के शिफारस.

सोडे_खिचडी

इतका वेळ नुसतं वाचत होते. मला एका वेगळ्याच रिकाम्या जागेबद्दल लिहायचंय.

या यादीत इराणी आले, उडुपी आले, बोहरी, गुजराती, गोमंतकी, पंजाबी आले. पण ज्यांची या शहरात सगळ्यात जुनी घरं, त्यांचं जेवण कुठे मिळतं? पाठारे प्रभूंचं कोळंबीचं भाजलेलं भानोळं कुठल्या हॉटेलात आहे? ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांचा बॉटल मसाला घालून केलेलं मटण? आमचं सीकेपींचं वालाचं बिरडं, सोड्याची खिचडी, कानवले, निनाव? शोधत जावं लागतं, आणि जे मिळतं ते बहुतेक वेळा घरगुती ऑर्डरवर किंवा एखाद्या महोत्सवात.

कारण साधं आहे. उडुपी, इराणी, गोमंतकी हे बाहेरून पोटासाठी आले, त्यांनी स्वैपाकाचा धंदा केला. आमच्या घरातली माणसं कचेऱ्यांत, कोर्टात, शाळांत नोकऱ्या करत होती. स्वैपाक घरातच राहिला, आणि तोही बायकांच्या हातात, वहीतसुद्धा न उतरलेला.

सोड्याच्या खिचडीचंच घ्या. सोडे म्हणजे वाळवलेली सोललेली कोळंबी. चांगला सोडा गुलाबी-केशरी, कोरडा, आणि वासाला समुद्राचा पण कुबट नसलेला. तो कोमट पाण्यात थोडाच वेळ भिजवायचा, नाहीतर चव पाण्यात जाते. ते पाणी फेकायचं नाही, गाळून आधणात घालायचं, तळाला वाळू बसलेली असते म्हणून वरचंच ओतून घ्यायचं. कांदा गुलाबी झाला की सोडे त्यात परतायचे, मग तांदूळ, गरम मसाला, बटाट्याच्या फोडी, वरून ओलं खोबरं आणि कोथिंबीर. झाकण काढल्यावर येणारा वास शेजारच्या घरात जातो. हे कुठल्या मेनूवर दोनशे माणसांसाठी कसं जमावं? सोडे महाग, भिजवण्यात पाच मिनिटं इकडेतिकडे झाली की बिघडलं.

म्हणून दोन_घास, तुमच्या यादीत एक भाग असा ठेवा ज्यात दुकानाचं नाव नसेल, नुसता पदार्थ असेल. आणि त्यासाठी माणसं शोधा. घरून ऑर्डर घेणाऱ्या बायका प्रत्येक उपनगरात आहेत. माझ्या माहितीतल्या एका ताई रविवारी करतात, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, इथे नंबर टाकत नाही.

दोन_घास

सोडे_खिचडी ताई, व्यनि केला आहे. आणि तुम्ही म्हणता तो भाग यादीत सगळ्यात वर गेला. दुकान बंद झालं तर बातमी तरी येते. घरातलं बंद झालं तर कळतही नाही.

गिरणगावच्या खानावळीबद्दल कुणीच लिहिलं नाही अजून.

परळ_व्हिलेज

मी लिहितो. माझी आजी खानावळ चालवायची.

‘खरीखुरी खानावळ’ म्हणजे पाटी लावलेलं दुकान नसायचंच. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार एका खोलीत दाटीवाटीने राहायचे, पाळीपाळीने झोपायचे. त्यांचं जेवण शेजारची एखादी बाई करायची. दहा-बारा माणसांचं, दोन वेळचं. पैसे पगाराला. गावाप्रमाणे चव: मालवणची बाई असेल तर भात-कालवण, साताऱ्याची असेल तर भाकरी आणि पिठलं, बुधवार-रविवार मटण किंवा मासे. तीन पाळ्या असत म्हणून जेवणाच्याही तीन वेळा. आजीचा स्टोव्ह पहाटे चारला पेटायचा.

या बायकांना किराणा उधारीवर घ्यावा लागे आणि सावकाराचं व्याज भरावं लागे. त्यांना एकत्र आणून बँकेचं कर्ज मिळवून द्यायला प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. कामगार गावी परतले, खानावळीही त्यांच्याबरोबर संपल्या. कितीतरी जणींचे पैसे तसेच राहिले. आजीनेही मागितले नाहीत.

तेव्हा ती खानावळ आता शोधून सापडायची नाही. पण लालबाग-परळमध्ये मालवणी जेवणाची छोटी ठिकाणं आहेत, त्यांत ती चव थोडीफार उतरली आहे. दुपारी बारा ते एकच्या मध्ये जा, कामावरच्या लोकांबरोबर. थाळी मागा. आधी कालवण भाताशी खा, मासा नंतर. आणि लालबागलाच लाडू सम्राटमध्ये कोथिंबीर वडी खाऊन या, ती रोजच्या माणसांची जागा आहे.

माटुंगा_पूर्व

परळ_व्हिलेज, हे वाचून थांबलो थोडा वेळ. आजींबद्दल वेगळा धागा काढा, नक्की.

परळ_व्हिलेज

काढतो. आईकडून आधी सगळं नीट विचारून घेतो.

कटिंग

आता कयानी. धोबी तलावला, जेर महलमध्ये, मेट्रो सिनेमासमोर. १९०४. सकाळी लवकर किंवा दुपारी चारच्या सुमारास, जेवायच्या वेळी नको. ब्रून मस्का आणि चहा. ब्रूनची कड टाळूला लागते म्हणून तो चहात बुडवायचा, पण पूर्ण नाही, लोणी चहावर तरंगायला लागलं की बाहेर काढायचा. खिमा पाव खायचा असेल तर कुलाब्याचं ऑलिम्पिया (१९१८) सकाळी, आणि फोर्टातलं कॅफे मिलिटरी (१९३३) दुपारी.

पारशी जेवणात धनसाक सगळे मागतात. तो पारशी घरांत रविवारचा पदार्थ. मरणानंतर चौथ्या दिवशी तो करतात, म्हणून लग्नाकार्यात धनसाक नसतो. लग्नाचं जेवण म्हणजे पात्रानी मच्छी, सल्ली बोटी, लगननू कस्टर्ड. ते खायचं असेल तर एखाद्या पारशी मित्राच्या घरच्या लग्नाची वाट बघा, हॉटेलात ती गंमत निम्मी.

आणि ताई, ब्रिटानियाचं फार लांबवू नका. एक दिवस अर्धी रजा टाका. बेरी पुलावातल्या बेरी म्हणजे झरेश्क, इराणहून येतात, आंबटगोड, लालबुंद. पुलावाखाली मांस दडलेलं असतं, वर तळलेला कांदा आणि काजू. पहिल्या दोन घासांत मला काही विशेष वाटलं नव्हतं. मग एक बेरी दाताखाली फुटली आणि कळलं सगळा पुलाव तिच्यासाठी सौम्य ठेवला आहे.

पुण्याहून_आलेली

मी नवीन ठिकाणांच्या बाजूने बोलते, कारण सगळे जुन्यावरच आहेत.

नवीन जागाही जातात. उलट त्या लवकर जातात, जागेचं भाडं झेपत नाही म्हणून. आणि आज जे आचारी काही नवीन करून बघताहेत त्यांना गिऱ्हाईक आत्ता हवं. बांद्र्याला पूर्वी जिथे जूड बेकरी होती तिथे खाली वेरोनिका’ज आणि वर पापा’ज. पापा’जमध्ये फक्त १२ जणांची बैठक, शेफ हुसेन शहझाद समोरच असतात. जागा मिळणं कठीण, आणि खिशाला मोठा खड्डा. मी वर्षभर बाजूला पैसे टाकते आहे. लोक सहलीला जातात, मी यासाठी साठवते.

‘मास्क’ही त्यातलंच. महालक्ष्मीला जुन्या गिरणीच्या आवारात, २०१६ पासून. तिथे मेनूतून निवडायचं नसतं, ते एकामागून एक आणतात ते खायचं. दोन_घास, जायचं तर सोबत असा माणूस न्या ज्याला प्रत्येक घासावर बोलायला आवडतं. नाहीतर एवढा खर्च करून जेवण मुकाट्याने संपतं.

स्वाती स्नॅक्सची पानकी मात्र उद्याच खा, तिला वर्षं लावू नका. १९६३ पासूनचं ठिकाण. तांदळाच्या पिठाचं पातळ मिश्रण केळीच्या दोन पानांमध्ये पसरून तव्यावर शेकतात. ताटलीत पानासकट येते. वरचं पान हलक्या हाताने सोलायचं, खाली पापुद्र्यासारखी पानकी आणि तिच्यावर पानाच्या शिरांचे ठसे. गरम असतानाच सोला, निवली की चिकटते.

आमटीभात

दादर कुणीच घेतलं नाही! मामा काणे १९१० पासून स्टेशनच्या बाहेरच, पश्चिमेला. छबिलदास गल्लीतला श्रीकृष्णचा बटाटावडा. गोखले रोडवर प्रकाश, साबुदाणा वडा आणि पियुष. हे सगळं घरी जाता जाता होतं, वेगळा दिवस काढायला नको. ठाण्याची गाडी दादरला थांबतेच.

दोन_घास

थांबते, आणि मी आजवर तिथे फक्त गाडी बदलायलाच उतरले आहे. घेतलं.

सगळ्यांचं वाचून यादी परत लावली. आता ती अशी दिसते आहे:

येत्या बुधवारी ब्रिटानिया, अर्धी रजा मंजूर झाली. शनिवारी माटुंगा, सकाळी मद्रास, दुपारी रामा नायक, माटुंगा_पूर्व यांनी सांगितलेल्या क्रमाने. त्याच्या पुढच्या आठवड्यात कधीतरी संध्याकाळी भेंडी बाजार. गिरगावची मिसळ महिन्यातून एकदा, ‘पुन्हा कधी’च्या रकान्यात तसं लिहिलंय. ऑफिसला जरा लवकर निघायचं एवढंच. मासे श्रावणापर्यंत थांबतील. उंधियूसाठी थंडी, आमरसासाठी मे. ‘मास्क’साठी वेगळं खातं उघडलं, पुण्याहून_आलेलीच्या पद्धतीने.

दुकान नसलेल्या पदार्थांत सध्या सोड्याची खिचडी, भानोळं, बॉटल मसाल्यातलं मटण. पहिल्याची सोय होते आहे. बाकी दोन्हींसाठी कुणाच्या ओळखीत घरून करून देणारं कुणी असेल तर कळवा. वसईपासून उत्तनपर्यंत कुठेही यायची तयारी आहे, ऑर्डर किमान पाच-सहा जणांची लागत असेल तर आपणच इथले मिळून घेऊ.

आणि बुधवारी ब्रिटानियाला दुपारी कुणी रिकामं असेल तर या. एकटीला पुलाव आणि सल्ली बोटी दोन्ही मागवता येणार नाही.

कटिंग

मी येतो. बाराला दाराशी. कॅरॅमल कस्टर्ड आधीच सांगून ठेवू, उशिरा मागितलं तर संपलेलं असतं.

सोडे_खिचडी

भानोळ्यासाठी एका मैत्रिणीच्या सासूबाईंना विचारते. त्या पाठारे प्रभू, हात चांगला आहे, पण आता वय झालंय, मोठं पातेलं उचलवत नाही. आपल्यापैकी दोघी मदतीला गेलो तर तयार होतील. कोण येतंय?

बोंबील_कढी

मी. कोळंबी मी घेऊन येते, ससून डॉकवरून पहाटेची. किती किलो ते सांगा.